पितळेचा ताव
(बेलापूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



प्रवराकाठच्या या बेलापुरात, तांबट-कासारांच्या मेळाव्यात, आम्ही काडतुसाविषयी बोलणार हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल. परंतु रायफलीच्या काडतुसाची पुंगळी म्हणजे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असलेले आपलेच पितळ होय. हातोडीखाली ते कठीण होते आणि वेळीच ताव न दिल्यास तडकते, हे आपल्या घरातील पोरासही ठाऊक असते.

गोळी सुटताना पुंगळी फुगते. ती पुन्हा भरावयाची तर जुनी टोपी काढून, स्वच्छ करून, साच्यात दाबून मूळ मापावर आणतात व वाढलेली लांबी छाटतात. या प्रत्येक खेपेस तिची मान कठीण होत जाते. मग साऱ्या पुंगळ्या गोळीस सारख्या धरीत नाहीत. नेम बिघडतो आणि अखेरीस मान चिरते. म्हणून जाणता नेमबाज केवळ मान व खांदा यांसच ताव देतो. बूड मात्र थंड ठेवतो. कारण स्फोटाचा दाब तेथे सोसावयाचा असतो. ते मऊ पडले तर बंदूक व बंदूकवाला, दोघांचाही घात होतो. कोठे थांबावे, हीच येथली खरी विद्या.

इंग्रजी अमदानीत या देशात पावसाळ्यात तबेल्यात ठेविलेली काडतुसे आपोआप तडकत. कारण १९२१ साली उलगडले: जनावरांच्या मुतातील अमोनिया आणि धातूत कोंडलेला ताण. उपाय कोणता, तर मंद ताव! आपल्या कल्हईच्या नवसागरातूनही तापल्यावर अमोनियाच सुटतो, हे तरुणांनी ध्यानी ठेवावे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या दुकानी एकदा भंगाराच्या पोत्यात न उडालेले काडतूस निघाले. मूस पेटलेली होती आणि मुलगा पोते रिकामे करीत होता. क्षणभराचा उशीर झाला असता, तर आज आम्ही येथे उभे नसतो. आपल्या जिल्ह्यात के. के. रेंज हे लष्कराचे सरावक्षेत्र आहे. तेथील भंगाराचा मोह कोणी धरू नये. परवान्यावाचून दारूगोळा बनविणे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये गुन्हा आहे. असा जिन्नस आढळल्यास हात न लावता पोलिसांस कळवावे.

स्टीलच्या भांड्यांनी आपला धंदा मागे सारला, हे खरे. तथापि ज्या विद्येवर खडकी-वरणगावचे कारखाने चालतात, तिची बाराखडी आपल्या भट्टीपाशी आहे. मुलांनी ती शाळेतील धातुशास्त्राशी जोडावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.