पापलेटच्या शेपटीची फळी



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले म्हणजे तो बोनसवर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आज मी आपली थोडी निराशा करणार आहे. मी एका फळीविषयी बोलणार आहे. लाटेवर उभे राहून घसरत जाण्याच्या या फळीला सर्फबोर्ड म्हणतात. तिच्या एका जातीला 'फिश' म्हणजे मासा हेच नाव आहे. हा मासा लांब करायचा झाला तर काय करावे लागते आणि लांब केल्यावर तो कसा चालतो, एवढाच माझा विषय.

मी शिकलेला इंजिनिअर नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. परंतु कारखान्यात अकरा वर्षे फायबर ग्लासच्या टाक्या घडवल्या, आणि त्या कामामुळेच दोन वर्षांपूर्वी बोईसरच्या आमच्या कचेरीत एक मुलगा मला शोधत आला. कोळ्याचा मुलगा, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर कामाला. कर्नाटकात मुळकीला लाटेवरच्या फळ्या पाहून आला होता आणि तशी एक स्वतःच्या हाताने करायची म्हणत होता. अंगाने दांडगा, वजन पंचाऐंशी किलो. म्हणाला, "दादा, नेहमीचा मासा मला पुरायचा नाही. लांब पाहिजे."

आधी हा मासा म्हणजे काय ते सांगतो. आपण पालघरची माणसे, तेव्हा फार सांगावे लागणार नाही. पापलेट डोळ्यांपुढे आणा. २०२३ साली आपल्या सरकारने त्याला राज्यमासा केले, ते सातपाटीला नव्याने सांगायची गरज नव्हती! आखूड, रुंद अंग आणि दुभंगलेली शेपटी, तशीच ही फळी. अमेरिकेत सॅन दिएगो येथे १९६७ च्या सुमारास स्टीव्ह लिस नावाच्या पोरसवदा मुलाने ती केली, आणि तीही गुडघ्यांवर बसून चालवण्यासाठी. १९७२ साली त्याच गावी जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा पहिला आणि दुसरा, दोन्ही क्रमांक अशाच फळ्यांवरच्या खेळाडूंना मिळाले.

तिच्या मागे शास्त्र आहे, आणि ते होडीचे शास्त्र आहे. लिसच्याही आधी बॉब सिमन्स नावाच्या माणसाने लिंडसे लॉर्ड यांचे १९४६ सालचे वेगवान बोटींच्या तळावरचे पुस्तक अभ्यासून रुंद, सपाट फळ्या केल्या होत्या. म्हणून मीही होडीपासूनच सुरुवात करतो.

पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्यातली लांबी फुटांत घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे. ढोबळमानाने तेवढे नॉट ती सुखाने जाते. पंचवीस फुटी होडी ६.७ नॉट, छत्तीस फुटी ८ नॉट. त्यापुढे जाऊ म्हटले तर होडी स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते आणि इंधन नुसते जळते. पण तळ सपाट असेल आणि मागून पुरेसा जोर मिळाला, तर ती पाणी कापायचे सोडून पाण्यावर घसरू लागते. मग हा हिशेब संपतो. तेथे लांबीपेक्षा सपाटी आणि रुंदी कामाला येते.

फळी एकाच लाटेत या दोन्ही अवस्थांतून जाते. पोटावर पडून हातांनी वल्हवताना ती होडी असते, तेव्हा लांबी हवी. लाटेने उचलल्यावर ती घसरगुंडी होते, तेव्हा रुंद, सपाट तळ हवा. आखूड मासा दुसऱ्या अवस्थेत राजा, पण पहिल्या अवस्थेत जड माणसाला दमवतो. आणि आपला किनारा तर उथळ. लाट येते ती लांबवर फुटून, मऊ होऊन. ती आधीच पकडली नाही तर हाती काही लागत नाही. मुलाची मागणी रास्त होती.

मग मी पहिली चूक केली. नेहमीची फळी पाच फूट आठ इंच, म्हणजे अडुसष्ट इंच. आम्हाला हवी होती सहा फूट दहा, म्हणजे ब्याऐंशी. लांबी सुमारे एक पूर्णांक दोन दशांश पट. मी म्हटले, सगळेच तेवढे पट करू. कागदावर रुंदी एकवीसची पंचवीस इंच झाली, जाडी अडीचची तीन. आणि घनफळ? पावणेदोनपट! एवढी फळी पाण्यावर बुचासारखी तरंगेल, तिचे काठ पाण्यात रुतणारच नाहीत, आणि काठ रुतल्याशिवाय ती वळायची नाही.

तो कागद घेऊन आम्ही सातपाटीच्या एका वृद्ध सुतारमामांकडे गेलो. फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडी होडीचे काम घटले, तेव्हापासून ते बहुधा घरीच असतात. त्यांनी कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, "लांबी वाढवा, पोट वाढवू नका. पोट वाढले की होडी पाण्याशी भांडते."

मग त्यांच्या सांगण्याने मापे धरली. रुंदी पाऊणच इंच वाढवली, जाडी पाव इंच, आणि तीही छाती टेकते तेथे. त्यामुळे घनफळ सुमारे एकतृतीयांशानेच वाढले. नाळेकडचे टोक निमुळते केले आणि तेथे थोडा अधिक बाक दिला, कारण लांब सपाट फळी उभ्या लाटेत नाक खुपसते. शेपटीची दोन टोके जरा आत ओढली. खाच मात्र ठेवली. तिच्यामुळे शेपूट रुंद राहून उचल देते, आणि फळी कलली की एकच टोक पाण्यात धरून वळते. खाली दोन पर, पाया नऊ इंच आणि उंची पाच. होडीच्या पठाणासारखे लांब आणि बुटके.

दुसरी चूकही माझीच. टाक्यांच्या सवयीने मी थर्माकोलच्या गाभ्यावर पॉलिस्टर रेझिन लावले. त्यातल्या स्टायरीनने थर्माकोल आमच्या डोळ्यांदेखत खाल्ला! थर्माकोल स्टायरीनचाच केलेला असतो, हे अकरा वर्षे तो वास घेऊनही माझ्या ध्यानात आले नव्हते. दुसरा गाभा आणला आणि एपॉक्सी वापरले.

मे महिन्याच्या अखेरीस, वारा फिरल्यावर, केळव्याला ती पाण्यात घातली. वल्हवायला ती हलकी गेली. लाट अजून मऊ असतानाच पकडू लागली, आणि आखूड फळी जेथे बुडून थांबली असती तेथून घसरत पुढे निघाली. सरळ रेषेत तिचा वेग पाहून किनाऱ्यावरची पोरे ओरडली. पण वळताना हट्टी! लांब काठ आणि लांब पर तिला सरळच नेऊ पाहतात. पाय वीतभर मागे घेतला तर वळे, तेही मोठ्या वळणाने. आखूड मासा जागच्या जागी फिरतो, लांब मासा चालवणाऱ्याला फळीवर पावले टाकायला लावतो. लांबीने जे दिले त्याची किंमत तिने वळणात वसूल केली.

मित्रहो, आता एकच गोष्ट सांगायची राहिली. फळी घासताना घरात पांढरी धूळ भरली. मुलगा खोकू लागला. मी काम थांबवले, बाजारातून तिघांसाठी चांगले मास्क आणले आणि काम उघड्या अंगणात नेले. मास्क तोंडाला बांधताना माझा हात थबकला. हौसेच्या फळीसाठी मी हे एका तासात केले. ज्या कारखान्यात मी अकरा वर्षे टाक्या घासल्या, तेथे आम्ही तोंडाला रुमाल बांधत होतो. तो मुलगा ज्या शेडमध्ये रोज आठ तास उभा असतो, तेथे आजही रुमालच आहे.

ही गोष्ट आपल्यापुरतीच नाही. अमेरिकेतल्या बहुतेक फळ्यांचा फोम क्लार्क फोम नावाचा एकच कारखाना पुरवीत असे. ५ डिसेंबर २००५ रोजी, सोमवारी, तो एकाएकी बंद झाला. मालकाने ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात सरकारी नियम, टोल्युइन डायआयसोसायनेट हे विषारी रसायन आणि कामगारांचे दावे यांचा उल्लेख होता. त्या दिवसापर्यंत लाटेवरच्या किती खेळाडूंनी विचारले असेल की आपल्या पायाखालचा फोम ओतणारा माणूस कोणता वास घेतो?

फळीचे माप चुकले तर समुद्र त्याच दिवशी सांगतो. छातीत गेलेली धूळ वीस वर्षांनी सांगते, आणि तोवर कंत्राटदार बदललेला असतो. म्हणून त्या मुलाला मी सांगितले, "फळी उत्तम झाली. आता सोमवारी तुमच्या शेडमध्ये किती मास्क लागतील, ते मोजून ये." तो मोजून आला. बावीस. ते बावीस मास्क आम्ही अजून मागतो आहोत.