उस्तादाचा ‘नक्को’



जैनथहून बेल्याकडे येताना माझी मोटारसायकल बंद पडली. खड्डा नाही, चिखल नाही, चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर. काट्याशेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि गाडीनं मान टाकली. किका मारल्या, ढकलून पाहिली. शेवटी ओळखीच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खताच्या पोत्यांमध्ये दोरानं बांधून तिला आदिलाबादला आणलं.

तिथं आमचे एक जुने उस्ताद आहेत. १९८५ सालाच्या सुमारास शंभर सी.सी.च्या जपानी धर्तीच्या गाड्या आपल्याकडे आल्या, तेव्हापासून ते पान्याला पाना लावत बसलेत. गाडी चालू करून द्यायची, ते मान जराशी तिरकी करून ऐकणार आणि सांगणार, “कचरा है.” कार्बोरेटरची वाटी उघडायची, जेटमधून फुंकर मारायची, विषय संपला. त्या दिवशी त्यांनी पिवळा दिवा पाहिला, हात फडक्याला पुसले आणि म्हणाले, “नक्को साब, इसकू हात नै लगाता मैं.”

हा ‘नक्को’ म्हणजे आपलाच ‘नको’ बरं का. दख्खनी बोलीनं तो मराठीकडून घेतला आणि परत दिला नाही. पण उस्तादाच्या तोंडून, तेही गाडीच्या बाबतीत, मी तो पहिल्यांदाच ऐकला.

त्याचं कारण असं. १ एप्रिल २०२०पासून देशात गाड्यांच्या धुराबाबत बी.एस.-६चे नियम लागू झाले. धूर कमी करायचा तर पेट्रोल थेंबाथेंबानं मोजून द्यावं लागतं आणि ते काम साध्या कार्बोरेटरच्या आवाक्यातलं नव्हतं. त्याच्या जागी इंजेक्टर आला, त्याला हुकूम देणारा छोटा संगणक आला, आणि संगणकाला बातम्या पुरवणारे सेन्सर आले. मला याबद्दल तक्रार नाही. आदिलाबादची थंडी तुम्ही जाणता. पौषातल्या पहाटे चोक ओढून पंधरा-पंधरा किका मारण्यात माझी अर्धी नोकरी गेली. नवी गाडी बोट लावलं की सुरू होते.

फक्त तिच्या येण्यानं काही सवयीही गेल्या. जुन्या गाडीला टाकीखाली कॉक असायचा. रस्त्यात कुणाचं पेट्रोल संपलं की आपली नळी काढायची, बाटलीत पावशेर ओतून द्यायचं. नव्या गाडीला कॉक नाही, रिझर्व्ह नाही. पंप टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. आपण खेड्यातली माणसं शंभर रुपयांचं टाकून आठवडा काढणारी. टाकी कायम तळाला, पंप कायम गरम. आणि बॅटरी पूर्ण उतरली तर पंपच फिरत नाही. मग चार जणांनी ढकला की चाळिसांनी, उपयोग शून्य.

डिझेलवाल्यांची कथा आणखी वेगळी. नव्या पिकअपच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. धूर पुरेसा तापला की ती काजळी आपोआप जळून जाते. पण कापसाच्या हंगामात मार्केट यार्डाबाहेरच्या रांगेत गाडी तासन् तास इंचाइंचानं सरकते. तिथं कसली ऊब? जाळी तुंबते, दिवा लागतो. त्यावर औषध काय, तर रिकामी गाडी ४४ नंबरच्या हायवेला न्यायची आणि निर्मलच्या दिशेनं वीस-पंचवीस मिनिटं एका वेगानं पळवायची. डिझेल जाळून काजळी जाळायची! हे एका चालकानं मला सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. खरं निघालं.

ट्रॅक्टरवाले त्यामानानं अजून सुखी. जानेवारी २०२३पासूनचे कडक नियम पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना आहेत, आपल्या गावातले बहुतेक त्याच्या आतले. अमेरिकेत मात्र शेतकऱ्याला स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करता यावा म्हणून कोलोरॅडो राज्याला २०२३ साली कायदा करावा लागला. स्वतःचा ट्रॅक्टर!

आपल्याकडेही हा वाद जुना आहे. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, दोष शोधायची यंत्रं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजांना देत नाहीत, असा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं ‘दुरुस्तीच्या हक्कासाठी’ समिती नेमली. तिच्या यादीत मोटारी आहेत, शेतीची अवजारंही आहेत. म्हणजे माझ्या उस्तादाला जे येत नाही, ते त्याच्या डोक्यात शिरत नाही म्हणून येत नाही असं नव्हे. त्याला ते कुणी दाखवलेलंच नाही.

तर, माझी गाडी. ती एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गेली. तिथल्या पोरानं लॅपटॉपची वायर जोडली आणि दोन मिनिटांत दोष सांगितला. खोटं कशाला बोलू, मला कौतुक वाटलं. सेन्सरचा निरोप संगणकापर्यंत पोचत नव्हता. वायर तुटली असेल तर जोडा ना, म्हटलं. “जोडत नाही सर, अख्खं वायरिंग बदलतो.” माल मागवायला सहा दिवस लागले. बिलाचा आकडा घरी अजून पूर्ण सांगितलेला नाही.

जुनं वायरिंग मी मागून घेतलं. ते पिशवीत घालून उस्तादांकडे गेलो. त्यांनी ते मांडीवर पसरलं, चष्मा कपाळावर सारला आणि जानवं चाचपावं तसं बोटांनी चाचपत गेले. एका ठिकाणी थांबले. उंदराचे दात होते. गाडी आमच्याकडे कापसाच्या ढिगाशेजारी उभी असते.

“इत्ता इच था, साब,” म्हणाले आणि नखाएवढी जागा दाखवली.

ते वायरिंग आता त्यांच्या दुकानात खिळ्याला टांगलंय. नवा शागीर्द त्यावर जोड द्यायला शिकतोय.