शेजारचे मूल



वर्धापनदिनी गोड बोलावे असा रिवाज आहे. पण मला बोलायचे आहे ते भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या मुलाच्या रडण्याविषयी. ते ऐकून आपण म्हणतो, "त्यांच्या घरची गोष्ट, आपण कशाला मध्ये पडा?"

सावित्रीबाई आणि जोतीराव फुले असे म्हणाले नाहीत. १८६३ साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अडलेल्या विधवेने तेथे यावे, बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे. पण मूल जगावे. तेथे जन्मलेल्या यशवंताला त्यांनी दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला.

आज असे दार ठोठवायला १०९८ हा फोन आहे. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत. २०१५ च्या कायद्याप्रमाणे अशा मुलाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही गप्प बसणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हाच आहे.

मार खाऊन मूल आपल्या दारी आले, तर आधी त्याला जेवू घाला. उलटतपासणी करू नका. ज्या हातांनी मारले त्याच हातांत परत देऊ नका. फोन करा आणि माणसे येईपर्यंत जवळ बसा. मग हळदीकुंकवाला त्याचे नाव काढू नका.

मात्र गरिबी म्हणजे हयगय नव्हे. आपल्याकडची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. काही मुले आजीपाशी राहतात. त्या आजीला बोल लावू नका, मूठभर तांदूळ द्या. ज्या मुलांचे आई किंवा वडील वारले आहेत, त्यांच्यासाठी सावित्रीबाईंच्याच नावाची बालसंगोपन योजना आहे. तीत महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज अलिबागच्या महिला व बालविकास कार्यालयात जातो. तो भरून देणे आपल्या मंडळाला अवघड नाही.

माझी सूचना एवढीच: यंदा प्रत्येकीने आपल्या आळीतले असे एक मूल हेरावे आणि १०९८ हा आकडा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहावा. रडणे ऐकू आले, तर तो शोधत बसायला नको.