सीताफळ, पेंटब्रश आणि माझा फसलेला टायमर

आज कोडिंग नाही, सीताफळ.

बार्शीला आमच्या घरामागे आजीने बी टाकून वाढवलेलं सीताफळाचं झाड आहे. आजी गेली. झाडाला फुलं यायची, पण फळ काही धरेना. बाबा म्हणाले, "यंदा बघतो, नाहीतर तोडून तिथे गाडी लावू."

मी पडलो इंजिनिअर! उन्हाळ्यात ठिबकला टायमर लावला, रोज पाणी. पानं पिवळी पडली. काळ्या मातीत पाणी साचून मुळं गुदमरत होती. अरे, हे माळरानावर, मुरमाड जमिनीत येणारं झाड. उन्हाळ्याआधी पानं गाळून गप्प बसतं. केला टायमर बंद.

खरी भानगड फुलात होती. सीताफळाच्या एकाच फुलात मादी भाग आधी तयार होतो, पराग नंतर सुटतात. परागीभवन बारीक भुंगेरे करतात, पण कोरड्या हवेत फळधारणा कमीच होते. मग जूनमध्ये पाऊस पडल्यावर, सकाळी सकाळी, पूर्ण उमललेल्या फुलांतले पराग भाचीच्या पेंटब्रशवर घेतले आणि अर्धवट उमललेल्या फुलांत हलकेच फिरवले. शेजारच्या काकू गच्चीवरून हसत होत्या. हसू देत.

चाळीसेक फुलं केली, अकरा फळं धरली. दोन पिठ्या ढेकणाने खाल्ली. दसऱ्याच्या सुमारास डोळे उघडले, मधल्या फटी पिवळसर झाल्या. पहिलं फळ बाबांनी आजीच्या फोटोपुढे ठेवलं.

गाडी अजून रस्त्यावरच असते.