न कमावलेली कृपा

'कृपा' हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. 'कृपया रांगेत उभे राहा', 'कृपया सुटे पैसे द्या' अशा पाट्यांवर तो लटकलेला असतो. जुन्या पत्रांच्या शेवटी 'कृपा असावी' असं लिहायची पद्धत होती. ती पत्रांबरोबरच गेली. 'देवाच्या कृपेनं मुलगा पास झाला' असं आपण म्हणतो खरं, पण पेढे वाटताना मनात असतं ते वेगळंच. पोरानं अभ्यास केला, आपण क्लासची फी भरली, म्हणून तो पास झाला. देवाची कृपा म्हणजे कमाईवर मिळालेला थोडासा बोनस!

ख्रिस्ती धर्मात या शब्दाचा अर्थ बरोबर उलटा आहे. मराठी बायबलातही शब्द 'कृपा' हाच आहे. पण जिथं कमाई आली तिथं कृपा उरत नाही, असं तिथं मानतात. संत पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्रात हे एखाद्या हिशेबनिसासारखं मांडलं आहे. काम करणाऱ्याला मजुरी मिळते तो त्याचा हक्क असतो, उपकार नव्हे. ज्यावर आपला कसलाही हक्क नव्हता ते पदरात पडणं, ही कृपा.

श्रोतेहो, येशूनं हीच गोष्ट द्राक्षमळ्यावरच्या मजुरांची कथा करून सांगितली. मत्तयच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात ती आहे. मळ्याचा मालक पहाटे चौकात जाऊन एक दिनार रोजावर मजूर ठरवतो. मग नऊ वाजता आणखी काही आणतो, बारा वाजता, तीन वाजता. संध्याकाळी पाचला पुन्हा जातो तर अजून काही माणसं उभीच आहेत. दिवसभर रिकामे का राहिलात, म्हणून विचारतो, तर आम्हाला कुणी कामाला बोलावलंच नाही, असं ती सांगतात. त्यांनाही तो मळ्यात धाडतो. पगार वाटताना पाचला आलेल्यांना पूर्ण दिनार, आणि पहाटे आलेल्यांनाही तोच एक दिनार.

पहाटेपासून उन्हात राबलेले चिडले, यात नवल काय? आजची कुठलीही युनियन त्यांच्याच बाजूनं उभी राहील. पण आपल्या शहरांतले मजूर अड्डे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या कथेचं दुसरं अंगही दिसेल. संध्याकाळी पाचपर्यंत अड्ड्यावर उरतं कोण? म्हातारा, अंगानं किरकोळ, हातापायानं अधू, ज्याच्याकडे बघून मुकादम मान फिरवतो तो. कथेत हे सांगितलेलं नाही, मी सांगतो आहे. एक दिनार म्हणजे त्या काळी एका घराचं एका दिवसाचं जेवण. तासाभराचे पैसे दिले तर तासाभराचीच भूक भागणार. मालकानं घड्याळ बाजूला ठेवलं आणि घरातली चूल पाहिली.

कथेत हे छान वाटतं. पण पाच वाजता आलेला माणूस दुबळा नसून गुन्हेगार असला तर? इथं मला जॉन न्यूटन आठवतो. 'अमेझिंग ग्रेस' हे इंग्रजी भजन आपल्यापैकी अनेकांनी कुठं ना कुठं ऐकलं असेल. त्याचा हा कवी.

न्यूटन १७२५ साली लंडनमध्ये जन्मला. सात वर्षांचाही नव्हता तेव्हा आई क्षयानं गेली. बाप जहाजावरचा कप्तान. पोरगं समुद्रावरच वाढलं आणि वाया गेलं. आरमारात जबरदस्तीनं भरती झाला, तिथून पळाला, पकडला गेला, चाबकाचे फटके खाल्ले. पुढं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या एका व्यापाऱ्याकडे स्वतःच जवळजवळ गुलामासारखा राहिला. शिव्या द्यायला आणि देवाची टिंगल करायला खलाशांमध्येही त्याच्या तोडीचा कुणी नव्हता.

१७४८ च्या मार्च महिन्यात तो 'ग्रेहाउंड' नावाच्या जहाजातून इंग्लंडकडे परतत होता. रात्री वादळानं जहाजाची एक बाजू फोडली. न्यूटन वर धावला, तेवढ्यात कप्तानानं त्याला सुरी आणायला परत पाठवलं. त्याच्याऐवजी जो दुसरा वर गेला त्याला लाटेनं उचलून नेलं. जहाजात मेण आणि लाकूड भरलं होतं, पाण्यावर तरंगणारा माल, म्हणून ते बुडता बुडता राहिलं. तासन्‌तास पंप मारता मारता न्यूटनच्या तोंडून सहज निघून गेलं, की आता याचा उपयोग झाला नाही तर देवानंच दया करावी. आणि स्वतःचेच शब्द ऐकून तो दचकला. आपल्यासारख्यावर कसली दया होणार, असं त्याच्या मनात आलं. हे सगळं त्यानं पुढं आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे.

माझ्या दृष्टीनं ख्रिस्ती श्रद्धेतली नम्रता म्हणजे हा दचका. मान खाली घालून, हात जोडून, हळू आवाजात बोलणं वेगळं. ते आपण सगळेच उत्तम करतो. लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात प्रार्थनेला आलेल्या दोघांची कथा आहे. परूशी आपल्या उपासांची आणि दानाची यादी देवाला वाचून दाखवतो. जकातदार दूर उभा राहून छाती बडवत दया मागतो, आणि येशूच्या मते घरी नीतिमान ठरून जातो तो हा जकातदार. त्याच्याकडे दाखवायला यादी नव्हती. मात्र यात एक मेख आहे. आपण त्या परूशासारखे नाही याबद्दल आपण देवाचे आभार मानू लागलो, की आपणच परूशी!

न्यूटनची ही वादळाची हकिकत प्रवचनांतून नेहमी सांगतात. वादळ आलं, देव भेटला, त्यानं गुलामांचा धंदा सोडला आणि भजन लिहिलं. गोष्ट सुटसुटीत आहे, पण खरी नाही. त्या वादळानंतर सहा वर्षं न्यूटन गुलामांच्या जहाजांवर होता, आणि त्यातल्या तीन सफरींत तो स्वतः कप्तान होता. रविवारी तो खलाशांची प्रार्थना घ्यायचा, आणि फळ्यांखाली जहाजाच्या पोटात साखळदंडांनी बांधलेली माणसं असायची. बंडाचा कट कबूल करावा म्हणून गुलाम मुलांचे अंगठे यंत्रात पिळल्याची नोंद त्याच्याच हस्ताक्षरात आहे. १७५४ साली त्याला झटका आला आणि त्याचं समुद्रावर जाणं थांबलं. धंदा त्यानं सोडला नव्हता, तब्येतीनं तो सुटला.

मग ही कसली कृपा? तुमच्या मनात येईल तो प्रश्न पौलाच्याही मनात आला होता. कृपा वाढावी म्हणून आपण पाप करीतच राहायचं का, असं तो रोमकरांच्या पत्रात विचारतो आणि ठणकावून नाही म्हणतो. न्यूटनला ते 'नाही' ऐकू यायला फार वर्षं लागली. मी त्याची बाजू घेत नाही. त्या सहा वर्षांत त्याच्या जहाजांवर जे मेले त्यांच्या वतीनं त्याला माफ करायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही.

१७६४ साली तो ओल्नी या लहानशा गावात पाळक झाला. गरिबांची वस्ती, घरोघरी लेस विणणाऱ्या बायका. त्यांच्यासाठी तो आठवड्याच्या सभेत सोप्या शब्दांत भजनं रचायचा. 'अमेझिंग ग्रेस' हे १ जानेवारी १७७३ च्या उपदेशासाठी रचलेलं असावं, असं अभ्यासक मानतात. उपदेशाचा विषय होता दाविद राजाची प्रार्थना: मी कोण, माझं घराणं काय, की तू मला इथवर आणलंस. भजनात न्यूटन स्वतःला नीच म्हणवतो. भजन लिहिणारे तसं म्हणतातच, आपल्याकडेही म्हणतात. त्याच्या बाबतीत मात्र ते अलंकारिक नव्हतं.

गुलामगिरीविरुद्ध तो उघडपणे बोलला १७८८ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी. आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापारावर त्यानं एक पुस्तिका लिहिली. माणसं जहाजात कशी खेटून झोपवली जात, किती मरत, हे आतल्या माणसानं सांगितलं, आणि आपली ही कबुली फार उशिरा येते आहे हेही लिहिलं. पार्लमेंटच्या चौकशीत साक्ष दिली. तरुण खासदार विल्बरफोर्स राजकारण सोडून धर्मकार्याला लागायचं म्हणत होता, त्याला न्यूटननं पार्लमेंटमध्येच राहायला सांगितलं होतं. गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा मार्च १८०७ मध्ये झाला. न्यूटन डिसेंबर १८०७ मध्ये गेला. पाच वाजता आलेला मजूर मी म्हणतो तो हा. पहाटे नाही आला. पण आल्यावर उरलेला तास त्यानं काम केलं.

पुढं ज्यांचे पूर्वज अशाच जहाजांतून नेले गेले, त्या काळ्या अमेरिकनांनी हे भजन आपलं केलं. जून २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या तरुणानं नऊ जणांना गोळ्या घातल्या. त्यातल्या काहींच्या नातेवाइकांनी दोनच दिवसांनी, कोर्टाच्या सुनावणीत त्याला माफ केल्याचं सांगितलं. मारल्या गेलेल्या पाळकाच्या अंत्यविधीत राष्ट्राध्यक्ष ओबामा बोलता बोलता थांबले आणि हेच भजन गाऊ लागले. ती माफी त्या तरुणानं कमावली नव्हती. मागितलीही नव्हती.

मी मुसलमान आहे. क्रूसावर जे घडलं त्याचा ख्रिस्ती लोक जो अर्थ लावतात, तो माझ्या धर्माला मान्य नाही, आणि दोन्ही एकच आहे असं गुळमुळीत बोलणं मला आवडत नाही. पण 'रहमत' हा शब्द माझ्या कानावर पाळण्यापासून आहे. कुराणाच्या ११४ सूरांपैकी एक सोडून प्रत्येकाची सुरुवात दयाळू, कृपाळू अल्लाच्या नावानं होते. एका प्रसिद्ध हदीसमध्ये पैगंबरसाहेब सांगतात, की कुणीही केवळ आपल्या कर्मांच्या जोरावर स्वर्गात जाणार नाही. सोबती विचारतात, तुम्हीसुद्धा? ते म्हणतात, मीसुद्धा नाही, अल्लानं आपल्या रहमतीनं मला झाकलं तरच. तेव्हा शेजारच्या घरात दिवा लागलेला दिसला तर तो दिवाच आहे, हे मला ओळखू येतं.

पण ओल्नीची गोष्ट इथं संपवली तर ती अर्धीच राहील. तिथं न्यूटनचा एक मित्र होता, विल्यम कूपर. न्यूटनहून कितीतरी मोठा कवी. त्याचीही आई लहानपणीच गेलेली. दोघांनी मिळून ३४८ भजनांचं पुस्तक करायला घेतलं, ते १७७९ साली निघालं. त्यातली साठाहून जास्त कूपरची आहेत. मात्र 'अमेझिंग ग्रेस' ज्या जानेवारीतलं, त्याच जानेवारीत कूपरच्या मनाचा जुना आजार उलटला. देवाची कृपा साऱ्या जगासाठी आहे, फक्त आपल्यासाठी नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. ते १८०० साली मरेपर्यंत फिटलं नाही. त्यानं प्रार्थनाही सोडली.

ज्यानं जहाजं भरून माणसं विकली त्याला कृपेची खात्री, आणि ज्यानं मुंगीलाही दुखावलं नसेल त्याला ती नाकारल्याची खात्री! याचा उलगडा न्यूटनलाही झाला नाही. त्यानं एवढंच केलं, की कूपरला आपल्या घरी आणलं. पाळकाच्या तुटपुंज्या मिळकतीत तेरा महिने ठेवून घेतलं. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला घरात ठेवणं काय असतं, हे ज्यांनी केलं आहे त्यांनाच ठाऊक.

१७७४ साली कूपर आपल्या घरी परतला. कुणीतरी त्याला सशाचं पिल्लू आणून दिलं. मग तीन ससे झाले. सुतारकाम शिकून त्यानं त्यांच्यासाठी खुराडी बनवली. पुढं १७८८ साली गुलामांच्या बाजूनं कविताही लिहिल्या, पण स्वतःबद्दलचं मत बदललं नाही. त्या सशांवर त्यानं एका मासिकात लेख लिहिला आहे. त्यात तो सांगतो, की त्यातला पस नावाचा ससा एकदा तीन दिवस आजारी होता. कूपरनं त्याला इतर सशांपासून वेगळं ठेवलं, औषधपाणी केलं. बरा झाल्यावर त्या सशानं त्याचा हात चाटला. आधी उलटा हात, मग तळहात, मग एकेक बोट, मग बोटांच्या मधली जागा.