कोऱ्या कागदामागचे हात



एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील कथा प्रामुख्याने मासिकांतून वाचली जाई. मासिक घेणारा वाचक बहुधा सुखवस्तू. ज्या हातांनी त्याचे सुख घडविले, ते हात त्या पानांवर क्वचितच दिसत. याला अपवाद ठरलेल्या दोन कथांचे स्मरण ग्रंथालयाच्या शताब्दीसमयी उचित ठरावे. कारण एकीत कागदाचा जन्म आहे आणि दुसरीचा शेवट ग्रंथांच्या सान्निध्यात होतो.

हर्मन मेलव्हिल यांची ‘अविवाहितांचा स्वर्ग आणि कुमारिकांचा नरक’ या आशयाच्या शीर्षकाची जोडकथा एप्रिल १८५५ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात प्रसिद्ध झाली. पूर्वार्धात लंडनमधील अविवाहित वकिलांची निवांत मेजवानी रंगते. उत्तरार्धात निवेदक न्यू इंग्लंडच्या बर्फाळ दरीतील कागद गिरणीत जातो. तो बियाण्यांचा व्यापारी. त्याला पाकिटांसाठी कागद हवा आहे. तेथे स्त्रिया धारदार पात्यांवर चिंध्या कापतात आणि तंतूंनी भरलेली हवा छातीत घेतात. काम रोज बारा तास. वय काहीही असो, गिरणीच्या लेखी त्या ‘पोरी’च. लगद्याचा कागद व्हायला यंत्रास नऊ मिनिटे लागतात. त्या चिंध्यांत लंडनच्या वकिलांचे जुने सदरेही असतील काय, अशी शंका निवेदकाला येते. एवढ्या एका शंकेने स्वर्ग आणि नरक यांच्यातील देवघेव उघड होते.

एप्रिल १८६१ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त ‘लाइफ इन द आयर्न मिल्स’ ही दीर्घकथा लेखिकेच्या नावाविना आली. लेखिका होत्या रिबेका हार्डिंग, विवाहानंतरच्या डेव्हिस. कथेतील ह्यू वुल्फ हा वेल्श कामगार लोखंडाच्या भट्टीवर राबतो आणि धातू गाळून उरलेल्या मळीतून एका भुकेल्या स्त्रीची मूर्ती कोरतो. कारखाना पाहायला आलेले सभ्य गृहस्थ ती पाहून थक्क होतात. त्यांतील डॉक्टर त्याला सांगतात, की त्याने मनात आणले तर तो काहीही होऊ शकेल. वुल्फ मदत मागतो, तेव्हा मात्र त्यांच्यापाशी पैसे नसतात. पुढे चुलत बहिणीने चोरलेल्या पैशांपायी वुल्फला १९ वर्षांची शिक्षा होते आणि तो तुरुंगातच जीवन संपवितो.

या दोन्ही कथांत क्रूर खलपुरुष शोधून सापडत नाही. वकील आतिथ्यशील आहेत, डॉक्टर कनवाळू आहेत. आरोप आहे तो सुसंस्कृत माणसाच्या सोयीस्कर कनवाळूपणावर; आणि मासिक हाती घेऊन बसलेला वाचक नेमका तसाच माणूस होता. म्हणूनच या कथा त्याला केवळ हळहळू देत नाहीत, तर त्याचा स्वतःचा हिशेब त्याच्यापुढे मांडतात.

वुल्फची ती मूर्ती अखेर निवेदकाच्या ग्रंथसंग्रहाच्या खोलीत एका कोपऱ्यात, पडद्याआड उभी राहते. कथाही दीर्घकाळ तशीच पडद्याआड राहिली. १९७२ मध्ये टिली ओल्सन यांच्या विवेचनासह तिचे पुनर्मुद्रण झाले आणि नवा वाचकवर्ग तिच्यापर्यंत पोहोचला. ग्रंथ जतन करणे हे ग्रंथालयाचे कार्य खरेच. पण असा पडदा दूर सारला जातो तो वाचकाच्या हातूनच.