ओटा कोणत्या नकाशात आहे?

(बोरीवली येथे वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



‘नवी बांधकामे आणि बायका’ या विषयावर मी बोलावे असे तुम्ही ठरवलेत तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी वास्तुरचनाकार नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना वस्तीची पाहणी कशी करावी, कुटुंबाचा तक्ता कसा भरावा हे आम्हाला शिकवले. इमारतीचा नकाशा कसा वाचायचा हे कोणी शिकवले नाही. ते मी गेल्या काही वर्षांत बायकांबरोबर सतरंजीवर बसून शिकले. त्यामुळे आज बोलणार आहे ते ओट्यावरून जेवढे दिसते तेवढेच.

स्टेशनवरून इथे येताना तुम्ही पाहिलेच असेल. चार मजल्यांच्या सोसायट्या पाडून वीस-वीस, तीस-तीस मजल्यांचे मनोरे चढताहेत. मुंबईचे सिंगापूर करू, शांघाय करू, हे आपण लहानपणापासून ऐकतो आहोत. निदान उंचीच्या बाबतीत ते खरे होऊ लागले आहे.

पूर्वेच्या एका वस्तीत बिल्डरची माणसे रंगीत चित्र घेऊन आली, तिथून सुरुवात करते. बैठक संध्याकाळी ठेवली होती, नेमकी नळाला पाणी येण्याच्या वेळी. पुढे पुरुष बसलेले, बायका हंडे घेऊन येता-जाता मागून डोकावत होत्या. चित्रात उंच इमारत, खाली कारंजे, झाडे. सगळे खूश. तेवढ्यात एका मावशींनी विचारले, “ह्यात बसायचं कुठं?” तो मुलगा हसला. म्हणाला, “मावशी, घरात सोफा घ्या की आता.”

मावशी इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवतात. उजेड लागतो, म्हणून दिवसभर ओट्यावर. शेजारच्या दोघी तिथेच साखळ्या जोडतात. नोकरीवर गेलेल्या सुनांची पोरे त्यांच्याच नजरेखाली खेळतात, पापड तिथेच वाळतात आणि मालाचा माणूस आला की तिघी मिळून भाव करतात. एकटी असती तर त्याने दिला तो भाव घ्यावा लागला असता. बिल्डरच्या हिशेबात हा ओटा शून्य चौरस फूट आहे. खोलीच्या भिंतीबाहेर आहे ना!

दुसरी गोष्ट सांगताना मला अजून त्रास होतो. पुनर्वसनाच्या एका इमारतीत, सातव्या मजल्यावर, एका मुलीला नवरा तीन महिने मारत होता. समोरच्या घराला पत्ता नव्हता. हीच माणसे वस्तीत असताना कुणाचा आवाज चढला की आठ-दहा बायका दारात उभ्या राहत. आमच्या मंडळाचे अर्धे काम त्या दारातच झाले आहे. नव्या इमारतीत अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना बंद दारे, आणि आतला टीव्ही मोठा केला की झाले. आम्हाला कळले ते दवाखान्यातून.

म्हणजे झोपडीच बरी, असे मी म्हणते आहे का? मुळीच नाही. रात्री सार्वजनिक संडासाला जाताना कुणाला तरी सोबत उठवायचे, पावसाळ्यात घरात पाणी शिरले की पोर कडेवर घेऊन उभे राहायचे, हे ज्यांनी भोगले त्यांना पक्के घर हवेच. संडास घरात आला त्या दिवशी बायका रडल्या आहेत, मी पाहिले आहे. आणि ओटाही काही देवघर नाही. सून कुठे गेली, कोणाशी बोलली, याचा जमाखर्चही तिथेच मांडला जातो. एक तरुण मुलगी मला म्हणाली, “ताई, मला तर बंद दार पाहिजे.” तिचेही बरोबर आहे. पण बंद करता येणारे दार हवे आणि दाराबाहेर चार बायकांना बसता येईल अशी उजेडाची जागाही हवी, या दोन मागण्यांत भांडण नाही. आपल्याला त्यातली एकच निवडायला लावतात.

हे असे का होते, ते थोडक्यात सांगते. झोपडपट्टी पुनर्वसन योजना १९९५ नंतर आली. झोपडीधारकाला घर फुकट. त्या बदल्यात बिल्डरला जादा एफएसआय, म्हणजे बाजारात विकायची इमारत. पुनर्वसनाचे घर आधी २२५ चौरस फूट होते, मग २६९ झाले, आता ३०० आहे. या वाढीसाठी लोक भांडले आणि ते योग्यच होते. पण सगळे भांडण कार्पेटचे झाले. ज्या जमिनीवर बिल्डरचा नफा उभा राहायचा ती मोकळी सुटावी म्हणून आपल्या इमारती एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसतात. गोवंडी-मानखुर्दकडच्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या वसाहतींत दोन इमारतींमधले अंतर जेमतेम तीन मीटर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तिथे केलेली पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ऊन-वारा न पोचणाऱ्या घरांचा आणि क्षयरोगाचा संबंध तिने दाखवून दिला. आणि अशा घरात दिवसाचे चोवीस तास कोण असते, हे या सभेत सांगायला नको.

वेगळे बांधता येतच नाही असे नाही. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला वसाहत बांधली. तिथे साताठ घरे एका छोट्या अंगणाभोवती बसवली आहेत आणि घर पुढे वाढवायलाही जागा ठेवली आहे. एकदा जाऊन बघा. बोरीवलीत एवढी जमीन कुठली, असे तुम्ही म्हणाल. मान्य. मग ज्या सिंगापूरचे नाव घेतात तिथेच जाऊ. तिथे १९६० मध्ये सरकारने गृहनिर्माण मंडळ काढले आणि आज दहातले जवळजवळ आठ रहिवासी त्या मंडळाच्या उंच इमारतींत राहतात. १९७० च्या सुमारापासून या इमारतींचा तळमजला मोकळा सोडायची पद्धत पडली. नुसते खांब आणि सावली. लग्न तिथे, मयत तिथे, म्हाताऱ्यांच्या गप्पा तिथे. म्हणजे मनोऱ्याखालीही ओटा राहू शकतो. सिंगापूर आणणारे हा मजला मात्र विमानतळावरच विसरून येतात. आपल्याकडे तिथे गाड्या लागतात. तिथे सगळे आलबेल आहे असेही समजू नका. अविवाहित बाईला पस्तिशी गाठेपर्यंत एकटीच्या नावावर ते सरकारी घर विकत घेता येत नाही.

नावावरून आठवले. आपल्या विकास नियंत्रण नियमावलीत, ३३(१०) मध्ये, करारनामा प्रमुख झोपडीधारक आणि त्याची जोडीदार अशा दोघांच्या नावे व्हावा असे लिहिलेले आहे. किती जणींना माहीत आहे? हात वर करा. बघा, चारच. एका बाईचा नवरा अकरा वर्षांपूर्वी निघून गेला होता. परिशिष्ट-दोनची यादी लागली आणि हा हजर! फोटोपास त्याचा, लाइटबिलावर नाव त्याचे. बिले भरली हिने, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली तीही हिनेच. चौदा हेलपाटे घातल्यावर करारावर तिचे नाव चढले. पंधराव्यांदा ती मिठाई घेऊन गेली, ते मला अजिबात आवडले नाही. पण तिला वाटले, गेली.

संमतीचेही तसेच. पूर्वी ७० टक्के झोपडीधारकांची संमती लागायची, नंतर ती ५१ वर आणली. सही घरातल्या पुरुषाची, आणि तीही चित्र बघून. चित्रात कारंजे असते, नकाशात नसते. बालवाडी आणि कल्याण केंद्राची जागा नियमाने द्यावी लागते. मी पाहिलेल्या एका इमारतीत ती बालवाडी कुलूपबंद होती, आत सिमेंटच्या गोण्या. किल्ली मागायला कोणी गेलेच नव्हते, कारण ती खोली आपली आहे हेच माहीत नव्हते.

तर आज मी अर्जाचा मसुदा घेऊन आले आहे. सहीआधी इमारतीचा नकाशा वस्तीत मराठीत समजावून सांगावा, बैठक पाण्याची वेळ टाळून ठेवावी, प्रत्येक मजल्यावर उजेडाची एक बसायची जागा दाखवावी, बालवाडीची खोली कोणती ते नकाशावर खूण करून द्यावे. एवढेच आहे त्यात. शेवटची मागणी नियमाच्या आधाराची आहे. मजल्यावरच्या जागेला मला नियम सापडला नाही, म्हणून ती मागणी मी दुसऱ्या शाईने लिहिली आहे. मावशींनी त्यावर पहिली सही केली आहे. चहानंतर प्रती वाटू या आणि येताना मोजपट्टी कोणी आणली असेल तर द्या, आधी या हॉलबाहेरचा पॅसेज मोजून बघू.